रात्रीची भूक दुपारीच शिजते

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या मुंबई-पुण्याच्या पानांवरून आता जिल्हा आवृत्त्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये मौन्जारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त इंजेक्शनांची चर्चा सुरू झाली. ही औषधं काय करतात हे वाचकांनी एव्हाना वाचलेलं आहे. लोक पैसे मोजायला तयार होतात ते भूक गप्प बसावी म्हणून, आणि मला बोलायचं आहे ते त्या भुकेबद्दल. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला दिवसभर तिचा फारसा त्रास होत नाही. ती छळते रात्री साडेदहा-अकराला, भांडी आवरून झाल्यावर, घर निजल्यावर. खान्देशात ही तक्रार पाच शब्दांत ऐकू येते: दिनभर चालस, रातले भूक लागस.

नंदुरबार जिल्ह्यात बसून वजन कमी करण्यावर लिहायचं का, असा प्रश्न कुणीही विचारेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची निघाली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं कुपोषण हा या जिल्ह्याचा पहिला प्रश्न आहे आणि राहील. पण वाढलेल्या पोटाचा प्रश्न त्याच्यापासून वेगळा काढता येत नाही, आणि हे दाखवून देणारं काम महाराष्ट्रातच झालं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीराबद्दल इतकं थोडक्यात आणि इतकं स्पष्ट सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

तोरणमाळच्या पायथ्याशी अडीच किलोचा जन्मलेला मुलगा शिकतो, शहाद्यात किंवा नंदुरबारला नोकरीला लागतो, चालणं सुटून मोटारसायकल येते. चाळिशीत त्याचे हातपाय काटकुळेच असतात आणि पोट पुढे आलेलं असतं. वजनकाटा त्याला फार काही सांगत नाही, टेप सांगते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपुढे आणि बायांची ८० पुढे गेली की पोटाचा लठ्ठपणा धरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत तो ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला. अशा माणसाने उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि त्याच्याकडे स्नायू मुळातच कमी. त्यामुळे ‘रात्री काही खाऊच नका, पाणी पिऊन झोपा’ हा सल्ला मला या जिल्ह्यापुरता तरी घातक वाटतो.

आता महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या आहार-चळवळीकडे येऊ. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली दोनदाच जेवण्याची कल्पना लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उचलली आणि गावोगावी व्याख्यानं देत घराघरांत पोहोचवली. खरी भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, त्या वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच घ्या, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. पैसे लागत नाहीत, वेगळं सामान लागत नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि ताजं खा असं सांगत होत्या. २०१८ च्या सुमारास मराठी घरांत या दोन मतांवरून जेवणाच्या पानावरच वाद होत. त्या वादात कोण जिंकलं यात मला रस नाही. मला दीक्षितांची योजना आवडते, कारण ती फुकट आहे आणि शेव, फरसाण, बिस्किटं या मधल्या चरण्यावर थेट बोट ठेवते.

पण तिच्यातली एक जागा लोक आपल्या सोयीने भरतात. दोन वेळा कोणत्या? बहुतेकजण सकाळ चहावर काढतात, पहिलं जेवण दोन-अडीचला आणि दुसरं रात्री साडेनऊ-दहाला. दुकान बंद करून, मालिका संपवून, सगळे घरी आल्यावर. मग अकराला भूक लागते आणि माणूस स्वतःला दोष देतो की आपल्यात निग्रह नाही.

निग्रहाचा इथे फार संबंध नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना मंद उजेडात, घड्याळाविना ठेवलं. झोपण्या-जेवण्याच्या वेळा मुद्दाम अशा फिरवल्या की शरीराच्या आतल्या घड्याळाची चाल वेगळी दिसावी. कधी खाल्लं, कधी झोपले याचा परिणाम वजा केल्यावर उरलं ते असं: भूक सकाळी आठच्या आसपास सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या आसपास सगळ्यात जास्त. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढही तेव्हाच वाढलेली. म्हणजे रात्रभराच्या उपासानंतर उठलेला माणूस चहावर दुपारपर्यंत तग धरतो, आणि संध्याकाळी त्याच माणसाचा हात शेवेच्या डब्याकडे जातो, हे शरीराच्या घडणीतच आहे. सकाळी लागली नाही म्हणून ती भूक नव्हतीच असं धरून दिवस काढला, की रात्री आठला नैसर्गिक चढावर असलेली भूक आणि दिवसभराची थकबाकी एकदम अंगावर येते.

२०२२ मध्ये याच गटाने पुढचा प्रयोग केला. जास्त वजनाच्या सोळा माणसांना तेच जेवण एकदा वेळेवर आणि एकदा चार तास उशिरा दिलं. उशिरा जेवताना भूक लागण्याची शक्यता दुप्पट झाली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी झालं आणि शरीराने कॅलरीही कमी जाळल्या. ताट तेच होतं, बदललं होतं फक्त घड्याळ. सोळा माणसं ही संख्या लहान आहे हे खरं, पण प्रयोग इतका काटेकोर होता की मी तो बाजूला सारू शकत नाही.

झोपेचंही तसंच. २००४ मध्ये शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. रब्बीत शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा शहाद्या-तळोद्याचा शेतकरी रात्री दोनला पाणी भरायला जातो. एसटीचा चालक, सिव्हिल हॉस्पिटलची सिस्टर, साखर कारखान्याचा कामगार यांचंही तेच. या लोकांना ‘आठनंतर खाऊ नका’ असं सांगणारा आहारतज्ज्ञ त्यांचं आयुष्य बघत नाही. रात्री खरोखर अंगमेहनत असेल तर निघण्यापूर्वी भाकरी आणि डाळ खाऊन जावं. घरी परतल्यावर पहाटे पुन्हा पोटभर जेवणं तेवढं टाळावं.

वजन उतरू लागलं की शरीर विरोध करतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. मेलबर्नमधल्या २०११ च्या अभ्यासात पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षभराने पाहिलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणून आठ दिवसांत पाच किलोच्या गोष्टी करणाऱ्यांपासून लांब राहावं. इंजेक्शनांचंही तेच: सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत चढला, असं त्याच औषधाच्या चाचणीत दिसलं आहे. ज्यांना डॉक्टरांनी गरज सांगितली आहे त्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांनी आधी ताटाकडे पाहावं.

तर ताट. खान्देशात रात्रीचं जेवण म्हणजे बहुतेक घरांत खिचडी. वरून कच्च्या तेलाची धार आणि सोबत पापड. हे जेवण मऊ, चवदार आणि झटपट होणारं आहे, मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. अडचण मापात आहे. तीन वाट्या तांदळाला एक मूठ तूरडाळ पडते. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात आणि धार चमच्याने मोजली जात नाही. अशी खिचडी पटकन उतरते आणि दोन तासांनी पोट पुन्हा मागतं. तांदूळ आणि डाळ समसमान घ्या, तेल मोजून घ्या, शेजारी काकडी-मुळा किंवा मेथीची भाजी ठेवा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. ती बाजारात पाठवायची आणि घरी पातळ वरण करायचं, हे मला पटत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि पोट सगळ्यात जास्त वेळ भरलेलं ठेवतात ती प्रथिनंच. नवापूर पोल्ट्रीसाठी ओळखलं जातं. अंडी खाणाऱ्या घरांत दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं, दीडशे कॅलरी. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीबरोबर उडीद दळलेली, आपल्या आज्यांनी उगाच ठेवली नव्हती. ती चावायला वेळ लागतो आणि तीत डाळ आधीच आहे.

माझं मत विचाराल तर पहिलं जेवण बाराच्या आत आणि दुसरं आठच्या आत. आपल्या पेठेतली जैन कुटुंबं चौविहार पाळून सूर्यास्ताआधी जेवतात. त्यांच्या शेजारी राहून आपण एवढं तरी घेऊ शकतो. ज्याला दोन जेवणं झेपत नाहीत त्याने सकाळी न्याहारी करावी, त्यात कमीपणा नाही.

इतकं करूनही अकराला भूक लागली तर? आधी पेलाभर पाणी किंवा मीठ घातलेलं पातळ ताक, आणि वीसेक मिनिटं. तरीही पोट मागत असेल तर खा. मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही, ताटलीत काढून, दिवा लावून, बसून. शेव-फरसाण मात्र घरात हाताशी ठेवू नका; शंभर ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी जातात आणि उभ्याने डब्यातून खाताना शंभर ग्रॅम कधी झाले ते कळत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा झोपेतून उठून खावंच लागत असेल, सकाळी अन्नाची इच्छा नसेल आणि मन खचलेलं असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच त्याचं वर्णन केलं आहे. तिथे आहाराचा तक्ता पुरत नाही, डॉक्टरकडे जावं लागतं.

आणखी काही जणांनी तर हा लेख वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला रात्री घाम फुटून, हात थरथरून भूक लागली तर ती साखर उतरल्याची खूण आहे. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून डोस बघून घ्यावा. आपल्या जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. अशा रुग्णाने लांब उपास करू नये, पाणी तर मुळीच तोडू नये, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की वेदनांचा झटका येऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी भूक लागेल तेव्हा जेवावं.

एक विनंती घरातल्या पुरुषांना आहे. आपल्याकडे घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. तुम्ही दहाला आलात की ती साडेदहाला बसते, उरलेला भात आणि तळाची डाळ घेऊन, आणि पोट वाढलं म्हणून बोलणी तिलाच बसतात. घरात कुणाचंही वजन उतरवायचं असेल तर आठला सगळ्यांनी एकत्र बसा, आणि डाळीचं भांडं आधी तिच्याकडे जाऊ द्या.