पगारावरचा कर आणि मिठावरचा कर

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीचा करार झाला आणि मागील तीन वर्षांचा फरक कामगारांच्या हाती एकरकमी पडावयाचा होता. कांजूरमार्गच्या चाळींतून त्या रकमेवर बरीच मनोराज्ये झाली. कोणाला मुलीचे लग्न उरकावयाचे होते, कोणाला गावच्या घरावर नवे पत्रे घालावयाचे होते. प्रत्यक्षात रक्कम आली ती प्राप्तिकर कापून. गेटसभेत एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "भाऊ, घाम आमचा, भांडण युनियनचं, आणि वाटा दिल्लीचा? हा कर मुळात कायद्यात बसतो तरी का?"

आम्ही फारसे शिकलेले नाही. रात्रशाळा आणि सार्वजनिक वाचनालय हीच आमची विद्यापीठे. त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही, म्हणून वाचत गेलो. जे हाती लागले ते येथे मांडीत आहो.

त्या गृहस्थांच्या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न होते. सरकारला हा अधिकार आहे काय, हा पहिला. आणि तो न्याय्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचा निकाल चटकन लागतो. घटनेचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येणार नाही की वसूल करता येणार नाही. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीच्या ८२ व्या नोंदीने संसदेस दिला आहे. शेतीच्या उत्पन्नाचा राज्यांकडे आहे. शिवाय प्राप्तिकराचा कायदा कायमचा असला तरी त्याचे दर वर्षोवर्षी वित्त अधिनियमाने ठरतात. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाची संमती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. अमेरिकेत हाच वाद फार गाजला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९५ साली पाच विरुद्ध चार मतांनी प्राप्तिकराचा कायदा रद्द केला, आणि १९१३ मध्ये घटनेची सोळावी दुरुस्ती करून तो अधिकार केंद्रीय सत्तेस द्यावा लागला. ती दुरुस्तीच खोटी, असे म्हणणारे लोक तेथे पुढेही निघत राहिले. न्यायालयांनी त्यांस दाद दिली नाही.

दुसरा प्रश्न मात्र इतका सोपा नाही, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यास विलायतेहून जेम्स विल्सन आले आणि १८६० साली त्यांनी हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळविणाऱ्यास शेकडा दोन, त्यावर शेकडा चार. कर ही या देशात नवी गोष्ट नव्हे हे पटविण्यासाठी साहेबांनी चक्क मनूचा आधार दिला. (मनूच्या नावावर या देशात काय काय खपविले गेले त्याच्या यादीत हेही धरावे.) मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी या करास जाहीर विरोध केला, तर त्यांनाच परत बोलाविण्यात आले. आणि आमच्या शेजारी, वसईस, डिसेंबर १८६० मध्ये मोठा जमाव जमून या कराविरुद्ध दंगा झाला. कांजूर तेव्हा त्याच ठाणे जिल्ह्यात, साष्टी तालुक्यात होते.

वसईचे ते लोक चूक होते असे आम्हांस वाटत नाही. ज्या कौन्सिलने हा कायदा केला तीत एकही हिंदी सभासद नव्हता. कर कोणावर, किती आणि कशासाठी, यांपैकी एकही गोष्ट त्यांस विचारलेली नव्हती. तो कर पाच वर्षांनी सुटला, पुन्हा आला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला.

आता याच काळातला दुसरा कर पाहा. कांजूर आणि भांडुपच्या खाडीकाठी मिठागरे आहेत. त्यांतील जमिनीवर हक्क केंद्राचा की राज्याचा, यावरून मेट्रोच्या कारशेडच्या निमित्ताने २०२० साली उच्च न्यायालयात झालेला तंटा वाचकांस आठवत असेल. असल्याच मिठागरांतून निघणाऱ्या मिठावर १८८८ साली मणामागे अडीच रुपये कर होता, म्हणजे मीठ पिकविण्याच्या खर्चाच्या कित्येक पट. त्या वेळी दोन हजारांवर उत्पन्न असलेल्या शेठजीस प्राप्तिकर पडे रुपयास पाच पै. रुपयाच्या पै १९२. शेठजी आणि त्यांच्या गोदामातला हमाल सारखेच मीठ खात. किंबहुना घाम गाळणाऱ्या हमालासच ते अधिक लागे. कायदा दोन्ही करांना होता. पण एक माणसाची ऐपत पाहून बसे आणि दुसरा त्याचे तोंड पाहून.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कौन्सिलातील अंदाजपत्रकावरच्या आपल्या पहिल्याच भाषणात मिठाचा कर कमी करा आणि लहान उत्पन्नाच्या माणसास प्राप्तिकरातून सोडवा, अशी मागणी केली. दुसऱ्याच वर्षी मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून एक हजारावर गेली. प्राप्तिकर मुळातच पाप आहे, असे गोखले म्हणाले नाहीत. कोणावर आणि किती, हे त्यांनी विचारले. पुढे १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले आणि १९४७ मध्ये मिठाचा कर गेला.

तेव्हा आमचे मत असे झाले आहे की प्राप्तिकर हा करांतला त्यातल्या त्यात सभ्य कर आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नास करातून सोडविले. बहुतेक कामगार त्यात सुटतात. पण २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा करातून कोण सुटतो? मीठ सुटले आहे खरे, परंतु साबण, चप्पल, पोराची सायकल यांवर मालक आणि मजूर एकाच दराने कर भरतात, आणि तो किमतीत मुरलेला असल्याने त्याविरुद्ध गेटसभेत कोणी उठत नाही.

आमच्या सभासदांच्या रागात तथ्य नव्हते असे मात्र नाही. नोकरदाराचा कर पगार हाती येण्याआधीच कापला जातो. धंदेवाल्यास आपले उत्पन्न स्वतः सांगावयाचे असते, आणि काय सांगावे याला त्याच्यापाशी वाव असतो. शेतीच्या उत्पन्नास केंद्राचा कर नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्यासाठी योग्यच. पण त्याच आडोशाला मोठे बागाइतदारही उभे आहेत. दिल्लीच्या वाट्याविषयी म्हणाल तर, पंधराव्या वित्त आयोगाने वाटपायोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांस दिले. पण अधिभार आणि उपकर त्या वाटपात येत नाहीत, ते केंद्रापाशीच राहतात. यावर भांडण्यास भरपूर जागा आहे आणि युनियनांनी भांडावे.

फरकाच्या त्या रकमेचे सांगावयाचे राहिले. तीन वर्षांचे पैसे एका वर्षात आल्याने कर फुगला, तर ते ज्या त्या वर्षांत धरून सवलत मागता येते, असे १९६१ च्या कायद्यातील कलम ८९ होते. त्यासाठी दहा-ई नावाचा अर्ज भरावा लागे. कारखान्याच्या कचेरीने हे कोणास सांगितले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ते ठाऊक नव्हते. करार करतेवेळीच ठाऊक असावयास हवे होते. नंतर युनियनच्या कचेरीत एका सभासदाच्या मुलीने संगणकावर बसून ओळीने सर्वांचे अर्ज भरले. त्या जुन्या सभासदांना काही हजार रुपये परत मिळाले. ते घेऊन आले आणि म्हणाले, "हे झालं. आता सांगा, व्यवसाय कर दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीतच तीनशे का?" तो कर राज्याचा, आणि घटनेच्या कलम २७६ प्रमाणे तो वर्षाला अडीच हजारांवर नेता येत नाही, अकरा महिन्यांचे दोनशे आणि एका महिन्याचे तीनशे मिळून बरोबर तेवढे होतात. या खेपेस उत्तर आमच्यापाशी तयार होते.