पाचशे फेऱ्यांचा खोपा

सुगरण पक्ष्याचं वजन सुमारे २५ ग्रॅम, लांबी १५ सेंटिमीटर. एक खोपा पुरा करायला नर जवळपास ५०० फेऱ्या मारतो. विणकाम बहुतेक त्याचंच. मादी अर्धवट खोपा पाहायला येते. तिला पसंत पडला तरच तो पुढे विणतो, नाहीतर सोडून देतो.

कृष्णाकाठी त्याला मालाची ददात नाही. उसाच्या पानाच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, टोक धरतो आणि उडता उडता पट्टी फाडून नेतो. ही पट्टी कधी कधी ६० सेंटिमीटर भरते, म्हणजे त्याच्या अंगाच्या चौपट.

आता हिशेब करू. ऊस शंभर मीटरवर आहे असं धरलं, तर जाऊन-येऊन २०० मीटर. ५०० फेऱ्यांचे झाले १०० किलोमीटर. साडेपाच फुटी माणूस या पक्ष्याच्या ११ पट. माणसाच्या मापात हे अंतर ११०० किलोमीटर होतं. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, तेव्हा चार वाऱ्या करूनही वाट उरते! ज्ञानोबांची पालखी लोणंद, फलटण मागे टाकते, त्याच दिवसांत याची ही वारी सुरू होते. आणि एका खोप्यावर भागत नाही. मादी अंड्यावर बसली की तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी हे अलिबागजवळच्या किहीमला निरखून १९३१ मध्ये मांडलं.

सुगरणीचा गोतावळाही मोठा. जगातल्या सुमारे ११,००० पक्षिजातींपैकी निम्म्याहून अधिक एकाच गणातल्या. चिमणी त्यातली, सुगरणही त्यातलीच. सुगरणीच्या कुळात शंभराहून अधिक जाती, बहुतेक आफ्रिकेतल्या. भारतात फक्त चार. याच कुळातला आफ्रिकेतला लाल चोचीचा क्वेलिया हा जगात सर्वाधिक संख्येचा रानपक्षी मानला जातो. अंदाज १५० कोटींचा, आपल्या देशाच्या लोकसंख्येएवढा.

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माण, आटपाडी, जतला ५०० च्या आसपास. जास्त पावसाच्या घाटमाथ्यावरचं दाट रान सुगरणीला नको. तिला मोकळं शिवार, धान्य आणि पाण्यावर झुकलेली काटेरी फांदी हवी. साप तिथवर सहज पोचत नाही. म्हणून विहिरीवरची बाभूळ तोडायचीच असेल, तर निदान दिवाळीपर्यंत थांबा. तोवर खोप्यांत पिल्लं असू शकतात.