आजार नाही, मग ताण कशाचा?

अवसरी बुद्रुक आणि आंबेगाव तालुक्यातील आसपासच्या गावांतून शिकून बाहेर पडणारी अनेक मुले-मुली नोकरीसाठी चाकण, रांजणगाव किंवा पुण्याची वाट धरतात. एकाच गावचे दोघे-चौघे एकाच कंपनीत असतात. त्याचा आधार वाटतो. पण दुपारी कॅन्टीनमध्ये झालेली चेष्टा संध्याकाळी गावच्या पारावर पोहोचते, हेही खरे. उभयलैंगिक व्यक्तीसाठी ही भीती रोजची असते.

उभयलैंगिक म्हणजे कोण?
ज्यांना स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही आकर्षण वाटू शकते, अशा व्यक्ती. शाळेत आपण गांडुळाला ‘उभयलिंगी’ म्हणायला शिकतो. तो शरीररचनेचा भाग आहे. इथे प्रश्न आकर्षणाचा आहे. हे आकर्षण दोन्हींकडे सारखेच असते असे नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ मध्ये ० ते ६ अशी मोजपट्टी मांडून बरीच माणसे दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, हे दाखवले. लैंगिक कल हा आजार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही मानते.

दोन्हीकडून अविश्वास
‘एकदाचं नक्की ठरव’, ‘लग्न झालं की सुटेल’, ‘याच्यावर भरवसा ठेवू नका’ हे शेरे नेहमीचे. समलैंगिक मित्रांमध्येही कधी कधी शंकाच वाट्याला येते. आकर्षण दोघांविषयी असणे आणि जोडीदाराशी अप्रामाणिक असणे यांचा काही संबंध नाही. तरी अशा समजांमुळे बढती, पाळी किंवा कामाची वाटणी ठरवताना माणूस बाजूला पडतो.

सतत जपून बोलणे, घरच्या गप्पा टाळणे, कोणी ओळखेल का याचा अंदाज घेणे यात मन थकते. मानसशास्त्रज्ञ इलान मेयर यांनी २००३ मध्ये याला ‘अल्पसंख्याक ताण’ म्हटले. परदेशांतील अनेक अभ्यासांत उभयलैंगिक व्यक्तींमध्ये चिंता आणि नैराश्य अधिक आढळले आहे. त्याचे एक मोठे कारण भोवतालची वागणूक हे आहे.

कायदा काय सांगतो?
लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ मधून वगळले गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. मात्र खासगी नोकरीत लैंगिक कलावरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कंपनीचे स्वतःचे नियम महत्त्वाचे ठरतात.

काय करता येईल?
- कंपनीने भेदभावविरोधी नियमांत ‘लैंगिक कल’ हे शब्द स्पष्ट लिहावेत आणि तक्रार गुप्त ठेवावी.
- सुपरवायझरने चेष्टा तिथल्या तिथे थांबवावी.
- सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही, अगदी त्याच्या घरीही सांगू नये.
- स्वतःविषयी सांगायचे की नाही, हे त्या व्यक्तीनेच ठरवावे. त्यासाठी दबाव नको.
- झोप उडाली, कामात लक्ष लागेना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. ‘कल बदलून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले आहे.