गॅस संपत नाही, गळतो

"भाऊ, एसीचा गॅस संपला वाटतं. भरून द्या." मार्च लागला की जळगावात आम्हा मेकॅनिक लोकांच्या फोनवर हे वाक्य सुरू होतं, ते मृगाच्या पावसापर्यंत थांबत नाही.

आयटीआयमध्ये शिकून मी या धंद्यात आलो. पिंप्राळा, महाबळपासून एरंडोल-पारोळ्यापर्यंत आणि पुढे धुळ्याच्या देवपुरापर्यंत कामाला जातो. प्रत्येक घरात एकच गोष्ट सांगतो: एसीचा गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळतोय.

हा समज आपल्याकडे इतका पक्का का, ते मला कळतं. आपण खानदेशी माणसं कूलरवर वाढलो. कूलरचं पाणी गवताच्या जाळीतून वाफ होऊन उडतं, म्हणून टाकी रोज भरावी लागते. एसीतही द्रवाची वाफ होते आणि ती खोलीतली उष्णता उचलते. पण ती वाफ बाहेर पडत नाही. कॉम्प्रेसर तिला दाबतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि परत आत येते. नळीतलं हे चक्र पूर्ण बंद असतं. कारखान्यात भरलेला गॅस मशीन भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा.

मग तो गळतो कुठून? बहुतेक वेळा जोडावरून. तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून त्यावर पितळी नट आवळतात, त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो. तोंड वेडंवाकडं पसरलं किंवा नट कमी-जास्त आवळला, की गळती ठरलेली. त्यात आपला उन्हाळा. बाहेर 45 अंश असताना आउटडोअरच्या कॉइलमधला गॅस 60 अंशांच्या आसपास तापतो. हल्लीच्या आर-32 गॅसचा दाब तेव्हा हवेच्या दाबाच्या जवळपास चाळीसपट होतो, जुन्या आर-22 पेक्षा दीडपटीहून जास्त. आर-22 च्या काळात चालून गेलेलं फिटिंग इथे चालत नाही. दुसरी जागा म्हणजे इनडोअरची कॉइल. उघड्या गटाराजवळच्या घरांत तिथल्या वायूंनी तांबं हळूहळू खाल्लं जातं आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

गळतीच्या खुणा घरच्या माणसालाही ओळखता येतात. एसी तासन्‌तास चालतो, पण सेट केलेलं तापमान गाठत नाही. आउटडोअरला जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या जोडावर बर्फ धरतो आणि जाड नळी गार लागत नाही. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर आपली धूळ बसून नटाभोवती काळा चिकट डाग पडतो. मात्र नुसता बर्फ दिसला म्हणून गॅस कमी आहे असं धरू नका. फिल्टर धुळीने बुजला तरी कॉइल गोठते. म्हणून आधी फिल्टर धुऊन पाहा.

कमी गॅसवर एसी रेटणं सर्वांत महागात पडतं. परत येणारा गार गॅसच कॉम्प्रेसरला थंड ठेवतो. तो अपुरा पडला की कॉम्प्रेसर तापत जातो, शेवटी जळतो. विजेचं बिल वाढतं ते वेगळंच.

दुरुस्तीचा क्रम असा हवा. उरलेला गॅस हवेत न सोडता रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. नळीत नायट्रोजन दाबून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला, तिथे गळती. ऑक्सिजनचा दाब कधीही द्यायचा नाही. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. जोड नीट केला की पुन्हा नायट्रोजन भरून दाब टिकतो का, ते पाहायचं. मग व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओलावा काढायचा, कारण आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार करतो आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. शेवटी सिलिंडर काट्यावर ठेवून, मशीनच्या पट्टीवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम भरायचे. आर-32 पेट घेऊ शकतो, आर-290 म्हणजे प्रोपेन तर सहज घेतो. म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि घरातली शेगडी बंद हवी.

देवपुरातल्या एका घरात दर उन्हाळ्यात गॅस भरला जायचा. नळी वाढवताना दिलेला जोड भिंतीच्या आत प्लास्टरखाली होता, त्यामुळे तो कुणी तपासलाच नव्हता. भिंत फोडून तो जोड नव्याने केला आणि पुढच्या उन्हाळ्यांत गॅस भरावा लागला नाही.

गळालेला गॅस जातो तो हवेत. 100 वर्षांच्या हिशेबाने आर-32 हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे पट उष्णता धरतो. एका मशीनमधला 800 ग्रॅम गॅस उडाला, तर दोनशेहून जास्त लिटर पेट्रोल जाळल्याइतकी झळ वातावरणाला लागते. आर-22 त्याहून वाईट, तो ओझोनचा थरही विरळ करतो. 1987 च्या माँट्रियल करारानुसार तो 2030 पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. त्याच करारात 2016 साली झालेल्या किगाली दुरुस्तीप्रमाणे आर-32 सारख्या वायूंचा वापरही भारताला 2032 पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. 2019 च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. ऊन वाढलं म्हणून आपण एसी लावतो आणि त्याच्या गळतीने ऊन आणखी वाढतं. खानदेशाला हे परवडणारं नाही.

सावदा-रावेरकडे केळी पिकवणाऱ्या चेंबरचा मालक गळती सापडल्याशिवाय मेकॅनिकला सोडत नाही, कारण आतला माल त्याचा असतो. घरात मात्र गिऱ्हाईक मजुरीवर घासाघीस करतं आणि गॅसचे पैसे मुकाट्याने देतं. गळती शोधायला अर्धा दिवस जातो, गॅस भरायला अर्धा तास. ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं. म्हणून बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे होती, कोणता गॅस भरला, किती ग्रॅम भरला. आणि पैसे द्यायचेच तर आमच्या शोधण्याच्या कष्टाचे द्या. ते एकदाच द्यावे लागतील.