स्टेट म्हणजे दौलत, विलायत की हालत?

इंग्रजीतला ‘स्टेट’ हा शब्द अरबीत न्यायचा झाला, तर त्याचे निदान तीन तुकडे पाडावे लागतात. सार्वभौम राष्ट्र या अर्थी ‘दौला’, टेक्साससारख्या घटक राज्यासाठी ‘विलाया’ आणि अवस्था या अर्थी ‘हाला’. म्हणूनच अरबी वर्तमानपत्रांत अमेरिकेचे नाव ‘अल्-विलायात अल्-मुत्तहिदा’ असे छापून येते. हे तिन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन शतके लोटली: दौलत, विलायत, हालत. इथे येऊन त्यांनी आपापले संसार मात्र बदलले. दौलत पेशवाईपर्यंत राज्य या अर्थीही चालत होती, आता ती पैशाअडक्यापुरती उरली. अरबीत प्रांत असलेली विलायत मराठीत साता समुद्रापलीकडचे इंग्लंड झाली. तिच्याच ‘विलायती’ या रूपावरून हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे अरबी शब्द आपल्याकडून वळसा घेऊन इंग्रजीतही जाऊन बसला. एका इंग्रजी शब्दाला अरबीत एक प्रतिशब्द मिळत नाही हे उघड आहे. प्रश्न पुढचा आहे: यातून घोटाळे नेमके कुठे होतात? सर्वसाधारण समज असा, की शब्दाचे अर्थ एकमेकांपासून जितके दूर, तितका अनुवाद अवघड. माझ्या मते खरे आहे ते याच्या उलट. दूरचे अर्थ सहसा कोणाला फसवत नाहीत. फसवतात ते शेजारशेजारी राहणारे अर्थ.

आधी दूरच्या अर्थांचे पाहू. इंग्रजी ‘डेट’ म्हणजे दिनांक, ठरवून घेतलेली भेट आणि खजूरही. खजुराचा ‘डेट’ ग्रीकमधल्या ‘बोट’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. दिनांकाचा ‘डेट’ लॅटिनमधल्या ‘दिलेले’ या अर्थाच्या शब्दापासून, कारण पत्र अमुक दिवशी ‘दिले’ असे त्याच्यावर लिहायची पद्धत होती. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग जुळले हा निव्वळ योगायोग. अरबीत दिनांकाला ‘तारीख’, भेटीला ‘मौइद’, आणि फळाला तर एक शब्द पुरतच नाही. रंग भरला पण अजून कडक आहे तो ‘बुस्र’, मऊ आणि रसाळ झाला तो ‘रुतब’, वाळून टिकाऊ झाला तो ‘तम्र’. खजूर आणि खारीक यांत फरक करणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. पण एवढे फाटे फुटूनही कुठला अनुवादक दिनांकाच्या जागी खजूर लिहून मोकळा होत नाही. तीच गोष्ट ‘स्प्रिंग’ची. ऋतू असेल तर ‘रबीअ’, ज्यावरून वसंतात कापणीला येणारा आपला रब्बी हंगाम. पाण्याचा झरा असेल तर ‘ऐन’. अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा, झरा, हेर आणि ‘तोच, खुद्द’ असेही. या शेवटच्या अर्थाचे बोट धरून तो मराठीत आला आणि आपण ऐन दिवाळीत, ऐन वेळी असे बोलू लागलो. इतके अर्थ एका शब्दात दाटीवाटीने बसले, तरी रोजच्या बोलण्यात अरबांची तारांबळ उडत नाही.

यंत्रांची मात्र उडत असे. 1960 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले तर्कशास्त्रज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी यंत्रानुवादाच्या उत्साहावर पाणी ओतणारे एक उदाहरण दिले. मूल खेळण्याची पेटी शोधत होते, ती त्याला ‘पेन’मध्ये सापडली. इथे पेन म्हणजे लेखणी नव्हे, मुलांना खेळायला घातलेले छोटे कुंपण. पेटी लेखणीत मावत नाही हे जगाचे ज्ञान यंत्राकडे नाही, म्हणून असे वाक्य यंत्राला कधीच सुटणार नाही, असा त्यांचा दावा होता. अरबीत या पेनसाठी ‘कलम’ लिहायचे की गोठा-कुंपण या अर्थाचा ‘हजीरा’, हाच तो पेच. (आपल्याकडे कलम लेखणीही, कायद्यातलेही आणि कोकणातल्या हापूसचेही, बार-हिलेलना मराठी येत असते तर उदाहरण आणखी खुलले असते.) आजची यंत्रे अफाट मजकूर वाचून तयार होतात, आणि असा पेच त्यांना पूर्वीइतका जड जात नाही. यावरून माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप आपोआप उभा राहतो: संदर्भ सगळे सोडवतो, मग अनेकार्थाचा बाऊ कशाला?

हा आक्षेप हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो मांडला होता एका अरबी पंडितानेच. परस्परविरुद्ध अर्थांच्या शब्दांना अरबीत ‘अद्दाद’ म्हणतात. ‘जौन’ म्हणजे काळा आणि पांढराही. ‘मौला’ म्हणजे धनी आणि त्याने मुक्त केलेला गुलामही. अशा शब्दांवरून अरबांच्या भाषेची टिंगल करणारे लोक होते. बगदादचा इब्न अल्-अंबारी (मृत्यू 940) याने अद्दादांवर ग्रंथ रचला आणि त्यांना उत्तर दिले, की बोलण्याचा मागचा-पुढचा भाग एकमेकांचा खुलासा करतो, ऐकणारा गोंधळत नाही. इंग्रजांनाही हसायला जागा नाही. त्यांचा ‘सँक्शन’ मंजुरीही देतो आणि निर्बंधही लादतो. इब्न अल्-अंबारीचे म्हणणे मला पटते, पण ते एका भाषेच्या आत. काळा आणि पांढरा यांतला एक अर्थ वाक्यात बसतो, दुसरा बसत नाही, म्हणून निवाडा होतो. दोन्ही अर्थ वाक्यात सारखेच बसत असतील, तर संदर्भ साक्ष तरी कशाची देणार? त्यात हे अर्थ एका भाषेत एकाच शब्दाखाली आणि दुसरीत वेगवेगळ्या शब्दांखाली असतील, तर अनुवादकाला निवड करावीच लागते, आणि ती चुकली तरी वाक्य गुळगुळीतच वाचले जाते.

‘स्पॉन्सर’ हा शब्द याचा उत्तम नमुना. क्रिकेट सामन्याचा किंवा कार्यक्रमाचा स्पॉन्सर अरबीत ‘राई’. मूळ अर्थ मेंढपाळ. आपली ‘रयत’ याच धातूतली, म्हणजे त्याचा कळप. पण आखातात नोकरीला जाणाऱ्याच्या व्हिसामागचा स्पॉन्सर ‘राई’ नसतो, तो ‘कफील’ असतो. कफील म्हणजे हमी घेणारा, दुसऱ्याची जबाबदारी कायद्याने स्वतःच्या शिरावर घेणारा. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘जामीन’, आणि तोही अरबी ‘दामिन’वरूनच आलेला. इंग्रजी कागदांत ‘स्पॉन्सर’ वाचून मराठीत ‘प्रायोजक’ लिहिले की कामगाराच्या मनात खर्च उचलणारा कोणी उदार इसम उभा राहतो. प्रत्यक्षात कफाला पद्धतीत परदेशी कामगाराचा देशात राहण्याचा हक्कच मालकाशी बांधलेला असे, आणि नोकरी बदलायची तर त्याची परवानगी लागे. कतारने 2020 मध्ये ही परवानगीची अट काढली, इतरत्रही काही नियम सैल झाले. पण मूळ नाते हमीचे आणि ताब्याचे होते, देणगीचे नव्हे. लॅटिनमध्येही ‘स्पॉन्सर’ म्हणजे जामीन राहणाराच होता. इंग्रजीत जाहिरातदारांचा अर्थ वर आला आणि जुना अर्थ त्याखाली दबला. महाराष्ट्रातून आखातात जाणाऱ्या माणसासाठी करारपत्राचा मराठी तर्जुमा करताना इथे ‘जामीनदार मालक’ लिहिलेले मी पसंत करीन. शब्द जरा खडबडीत आहे, हे मान्य.

शिवाय ‘कफाला’ला तिसरे अंगही आहे: अनाथ मुलाचे पालकत्व, ज्यात मूल घरात वाढते पण त्याचे मूळ कुळ आणि नाव पुसले जात नाही. इंग्रजीतल्या ‘ॲडॉप्शन’मध्ये हे बसत नाही, ‘फॉस्टर केअर’मध्येही नीट बसत नाही. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या 20 व्या अनुच्छेदात शेवटी मूळ अरबी शब्दच ठेवला गेला. कराराचा मसुदा करणाऱ्यांना प्रतिशब्दापेक्षा शब्दच परवडला, हे मला फार बोलके वाटते.

‘राइट’चे प्रकरण याहून नाजूक. उजवा असेल तर ‘यमीन’, बिनचूक असेल तर ‘सहीह’ (याचीच मराठी ‘सही’, कागद खरा ठरवणारी), अधिकार असेल तर ‘हक्क’. इथवर सोपे. पण अरबीत ‘हक्क’ म्हणजे अधिकारही आणि सत्यही; अल्लाहच्या नावांपैकी एक ‘अल्-हक्क’ आहे. त्यामुळे ‘अल्-हक्क मअक’, म्हणजे शब्दशः ‘हक्क तुझ्यासोबत’, याचा अर्थ ‘तुझे बरोबर आहे’. ‘लक अल्-हक्क’, म्हणजे ‘हक्क तुला’, याचा अर्थ ‘तुला अधिकार आहे’. आणि लेबनॉन-सीरियाकडच्या बोलीत ‘अल्-हक्क अलैक’, म्हणजे ‘हक्क तुझ्यावर’, याचा अर्थ ‘चूक तुझी’. शब्द तोच, सोबतचे अव्यय बदलले की निकाल फिरतो. कोशात ‘हक्क’ समोर ‘राइट’ छापलेले असते, आणि ते चूकही नसते. फक्त पुरेसे नसते.

दुसरा आक्षेप संस्थांकडून येतो. दमास्कसची अरबी अकादमी 1919 पासून आणि कैरोची 1932 पासून हेच करत आहे: प्रत्येक परकीय संज्ञेला एक ठरलेला अरबी शब्द. मग नेमून द्या आणि भांडण मिटवा. शास्त्रीय परिभाषेत हे काही अंशी साधतेही. इंग्रजी ‘बेस’ला अरबीत ‘काइदा’ हा शब्द आश्चर्य वाटावे इतका पुरून उरतो: त्रिकोणाचा पाया, रसायनातला अल्क, लष्करी तळ, संगणकातला डेटाबेस, सगळीकडे काइदा. व्याकरणाचा नियम हा त्याचा आणखी एक अर्थ, आणि मराठीने नेमका तोच उचलून त्याचा कायदा केला. पण नेमून दिलेला शब्द आपला भूतकाळ बरोबर घेऊन येतो. संस्कृत ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ ही त्रिकोणमितीतली संज्ञा अरबांनी ‘जीबा’ म्हणून उसनी घेतली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘जीबा’ला अरबीत स्वतःचा अर्थ नव्हता, म्हणून पुढे लोक ती ओळखीच्या ‘जैब’ या शब्दासारखी वाचू लागले. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. 12 व्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी इमानेइतबारे त्याचा तर्जुमा ‘सायनस’ केला आणि इंग्रजीत त्याचा ‘साइन’ झाला. आज अरबीत खिसा, गणितातला साइन आणि नाकाजवळची पोकळी या तिन्हींना ‘जैब’च म्हणतात. कुठल्याही समितीने हे असे ठरवले नसते.

कोशांच्या रचनेतही हा भेद आहे. इंग्रजी कोश एका स्पेलिंगखाली अर्थ गोळा करतो. हान्स वेरचा अरबी कोश (जर्मन आवृत्ती 1952, इंग्रजी 1961) एका धातूखाली शब्द गोळा करतो, आणि त्याआधीचा एडवर्ड लेनचा प्रचंड कोशही तसाच. क-त-ब खाली किताब, कातिब, मकतब, मकतबा एकत्र नांदतात. त्यात ‘मकतबा’ म्हणजे ग्रंथालयही आणि पुस्तकांचे दुकानही. कादंबरीतला नायक मकतबेत शिरून पुस्तक घेऊन बाहेर पडला, तर त्याने पैसे दिले की नाही हे पुढची पाने वाचल्याशिवाय कळत नाही. याचा दोष कोशाला देता येत नाही. मुनीर बअलबकी यांचा ‘अल्-मौरिद’ (बैरुत, 1967) इंग्रजी शब्दांचे अर्थ क्रमांक घालून वेगळे मांडतो, आणि इंग्रजीकडून अरबीकडे जाणाऱ्याला तो अजूनही उपयोगी आहे. मात्र क्रमांक निवडायचे काम वाचणाऱ्याचेच राहते.

मराठीसाठी यातून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. अरबी कथा-कादंबऱ्या आपल्याकडे सहसा इंग्रजीवरून येतात. अरबीत वडिलांचा भाऊ ‘अम्म’ आणि आईचा भाऊ ‘खाल’. इंग्रजीत दोघेही ‘अंकल’. चुलत, आते, मामे, मावस भावंडांसाठी अरबीत आठ वेगळी नाती बोलता येतात, इंग्रजीत एक ‘कझिन’. म्हणजे जो फरक अरबीत होता आणि मराठीतही आहे, तो मधल्या भाषेत गळतो, आणि मराठी अनुवादक अंदाजाने काका लिहितो. मामा निघाला तर घरातला मान, वारसा, लग्नाची बोलणी, सगळेच बिघडते. त्यातही ‘अम्म’ सासऱ्याला हाक मारताना आणि अनोळखी वडीलधाऱ्यालाही वापरतात, तेव्हा प्रत्येक अम्म काका नसतोच. इंग्रजी प्रतीशेजारी अरबी मूळ उघडून ठेवले आणि लिपीची तोंडओळख असली, तर एवढा एक शब्द तपासायला फार वेळ लागत नाही.