जेपी म्हणजे नेमके काय?

असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वाटतो. अक्षरे ओळखीची, पण शब्दांचे अर्थ तलाठ्यालाच ठाऊक! त्यातही ‘जे’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सूचना सर्वांत जास्त छळतात. जेझेड, जेएनसी, जेपीओ, जेजी... मायक्रोप्रोसेसर शिकवताना मला सर्वाधिक प्रश्न विचारले जातात ते यांच्याबद्दलच. म्हणून आज या ‘जे’ मंडळींची ओळख करून घेऊ.

मायक्रोप्रोसेसर स्मृतीतल्या सूचना एकापाठोपाठ एक पार पाडतो. पोथी वाचताना आपण ओळीवर बोट ठेवतो, तसे त्याचेही एक बोट असते. त्याला प्रोग्रॅम काउंटर म्हणतात. एक सूचना संपली की बोट पुढच्या सूचनेवर सरकते. ‘जम्प’ म्हणजे हे बोट उचलून भलत्याच ओळीवर ठेवणे. जेएमपी ही सूचना बिनशर्त उडी मारते. बाकीच्या बहुतेक सशर्त असतात. अट खरी असेल तर उडी, नाहीतर मुकाट्याने पुढची ओळ.

ही अट तपासायची कशावरून? त्यासाठी प्रोसेसरमध्ये फ्लॅग म्हणजे एकेका बिटची निशाणे असतात. उत्तर शून्य आले की झीरो फ्लॅग वर होतो. उत्तराचा सर्वांत डावीकडचा बिट १ असेल तर साइन फ्लॅग. बेरजेत हातचा आला किंवा वजाबाकीत उसना घ्यावा लागला तर कॅरी फ्लॅग. उत्तरातल्या १ बिटांची संख्या सम असेल तर पॅरिटी फ्लॅग. सशर्त उडी स्वतः काही हिशेब करत नाही, ती फक्त निशाण पाहते. त्यामुळे अनोळखी उडी दिसली की तिच्याकडे टक लावून पाहण्यात अर्थ नसतो. आधी पाहावे, ती कोणते निशाण पाहते. मग वरच्या ओळींत ते निशाण शेवटचे कोणी हलवले.

हे दुसरे पाहिले नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पिढ्यान्पिढ्या शिकवल्या जाणाऱ्या ८०८५ मध्येच आहे. डीसीआर ही सूचना ८ बिटांची संख्या एकाने कमी करते आणि झीरो फ्लॅगही ठरवते. तिच्या पाठोपाठ जेएनझेड लिहिले की काम झाले. डीसीएक्स ही तिची थोरली बहीण १६ बिटांची जोडी कमी करते, पण झीरो फ्लॅगला हातही लावत नाही. तिच्यामागे जेएनझेड लिहिले तर उडी आधीच्या कुठल्यातरी शिळ्या निशाणावर ठरते. मग प्रोग्रॅम एकतर पहिल्याच फेरीत बाहेर पडतो किंवा जन्मभर गरगरत राहतो. म्हणून जाणकार जोडीचा एक भाग ए रजिस्टरमध्ये आणून त्याचा दुसऱ्या भागाशी ‘ऑर’ करतात. दोन्ही शून्य असतील तरच झीरो फ्लॅग वर होतो. गंमत म्हणजे याच ८०८५ मध्ये डीसीएक्स शून्याखाली गेली की वर होणारे एक निशाण आणि ते पाहून मारायच्या दोन उड्या होत्या, पण इंटेलने आपल्या पुस्तिकेत त्या छापल्याच नाहीत!

आता शीर्षकातली जेपी. ८०८५ आला १९७६ साली. त्यात जेपी म्हणजे ‘उत्तर धन असेल तर उडी’. इथला पी ‘प्लस’चा. त्याच वर्षी झिलॉग कंपनीचा झेड ८० आला. त्यात जेपी म्हणजे नुसती उडी, आणि पुढे अट लिहिली तरच सशर्त. १९७८ च्या ८०८६ मध्ये जेपीचा पी झाला ‘पॅरिटी’चा. नाव एक, अर्थ तीन. म्हणून प्रोग्रॅम हाती आल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, प्रोसेसर कोणता?

याच्या उलटही घडते. ८०८६ मध्ये जेई आणि जेझेड ही दोन नावे, पण यंत्रात जाणारा बाइट एकच, षोडशमान पद्धतीतला ७४. कारण तुलना म्हणजे वजाबाकी करून उत्तर फेकून देणे, फक्त निशाणे ठेवणे. दोन संख्या समान असतील तर वजाबाकी शून्य. तुलनेनंतर ‘समान असेल तर’ वाचायला बरे वाटते, वजाबाकीनंतर ‘शून्य असेल तर’. यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही.

मात्र जेए आणि जेजी यांना जुळे समजू नये. दोन्हींचा अर्थ ‘मोठे असेल तर’ असाच सांगतात, पण जेए संख्येला चिन्हविरहित मानते आणि जेजी चिन्हासहित. आठही बिट १ असलेला बाइट घ्या. चिन्ह न मानता तो २५५ आहे, चिन्ह मानले तर उणे १. त्याची १ शी तुलना केली तर जेए उडी मारते, जेजी मारत नाही. जेए कॅरी आणि झीरो पाहते. जेजी झीरो, साइन आणि ओव्हरफ्लो पाहते.

हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही. ‘आलेल्या मजकुराची लांबी १०० पेक्षा मोठी असेल तर नाकारा’ अशी तपासणी जेजीने केली आणि कोणी मुद्दाम ३२ च्या ३२ बिट १ असलेली लांबी पाठवली, तर प्रोसेसर तिला उणे १ समजून आत घेतो. पुढे नक्कल करणारा भाग तीच संख्या चारशे कोटींहून मोठी समजतो आणि स्मृतीत नको तिथे लिहीत सुटतो. संगणकात घुसखोरी करण्याची ही एक नेहमीची वाट आहे. कुलूप आणि उघडे दार यांत फरक एका बाइटचा, ७७ की ७एफ.

असाच पेच २०३८ साली येणार आहे. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती संख्या भरेल. पुढच्याच सेकंदाला ती ऋण होईल आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवेल. ‘मुदत उलटली का?’ हे जेजीने विचारणारा प्रोग्रॅम तेव्हा ‘नाही’ म्हणेल. जेएने विचारणारा मात्र २१०६ पर्यंत बरोबर उत्तर देत राहील.