रान साफ करायचं, पण कोणत्या महिन्यात?

पडीक जमिनीची वहिवाट : लेखांक ४

गेल्या आठवड्यात हद्द आणि गडगे पाहिले. आता गडग्याच्या आतलं रान.

कोकणातल्या वरकस जमिनीला चार-पाच वर्षं हात लागला नाही, की रानमोडी आणि घाणेरी माजतात. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, दोन्हींना गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मुंबईकर मालक शिमग्याला नाहीतर मे महिन्यात येतो, गडी लावून ग्रास कटर मारून घेतो आणि मोकळं रान बघून समाधानाने परततो. पाऊस पडला की तेच रान आधीपेक्षा दाट. बोल गड्यांना लावला जातो. चुकलेला असतो महिना.

रानमोडी साधारण कार्तिक-मार्गशीर्षात फुलते. शिमग्यापर्यंत तिचं बहुतेक बी केसाळ तुऱ्यावर तरंगत शेजाऱ्याच्या बागेतही पोचलेलं असतं. तुम्ही पैसे मोजून कापता ते बी सांडून मोकळं झालेलं झाड. शिवाय कटर वरून फिरतो. खाली राहिलेल्या खुंटाला एकाच्या जागी चार फुटवे येतात.

म्हणून माझं मत सरळ आहे : रानमोडी गणपतीच्या रजेत काढावी. जमीन ओली असते, कोवळी रोपं हाताने मुळासकट येतात, जुन्या खोडाला पहार लावली की पुरते. फूल धरलेलं नसल्याने उपटलेला पाला खुशाल काजूच्या आळ्यात पसरा, उरलेल्या पावसात कुजून जाईल. (खरचटलं तर तिचाच पाला चुरडून लावतात. हा उपाय गावातल्या पोरांनाही ठाऊक असतो.) निसटलेली झाडं दिवाळीच्या आत पुन्हा एकदा बघून घ्यायची.

घाणेरीला नुसती ओढून उपयोग नाही, अंग तेवढं ओरबाडून निघतं. तिचे फुटवे येतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून. दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली रीत सोपी आहे : कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलायचं आणि उलटं करून वाळू द्यायचं. फळं पिकण्याआधी हे उरकावं, कारण बुलबुल ती खाऊन बी लांबवर टाकतात. पुढच्या वर्षी नवी रोपं मोठ्या झाडांखाली, पाखरं बसतात तिथे आधी शोधा.

हात घालण्यापूर्वी झुडपात काठी आपटा, पायात गमबूट असू द्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं अशाच जागी दडलेलं असतं.

वाळलेल्या काटक्यांना काडी लावायचा मोह मात्र आवरा. एक तर वणव्यात काजू-आंब्याच्या बागा जातात, आणि जळालेल्या मोकळ्या जागेत रानमोडी सगळ्यांच्या आधी उगवते. तिला ऊन लागतं. दाट सावलीत ती टिकत नाही. त्यामुळे ऐन, किंजळ, कुडा यांची आपोआप आलेली रोपं राखणं हासुद्धा साफसफाईचाच भाग. कटर चालवणाऱ्याला ती ओळखता येतीलच असं नाही. काम सुरू व्हायच्या आधी स्वतः रानात फिरा आणि राखायच्या प्रत्येक रोपाला लाल चिंधी बांधा.